भट्टीपुढची प्रार्थना
(लेखमाला : कामकरी ख्रिस्तीजन आणि उपासना – भाग ६)

मागच्या भागात एकांतातल्या प्रार्थनेविषयी लिहिले. ज्यांना एकांतच मिळत नाही त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हा राहून गेला, आणि शिरोली एमआयडीसीत तो रोजचा आहे. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या या वसाहतीत फौंड्र्या पाळ्यांमध्ये चालतात. रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी सकाळी उपासनेला बसतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. ‘चित्त प्रभूकडे ठेवा’ असे त्याला आपण सहज सांगून जातो. पण भट्टीतला रस लाडलमध्ये घेऊन साच्यात ओतताना लाडलचा कल, रसाची धार आणि साच्याचे तोंड यांवरून नजर हलवून चालत नाही. धार मध्येच तुटली तर कास्टिंगमध्ये सांधा राहतो आणि माल रिजेक्ट होतो. रस उडाला तर शेजारी उभ्या असलेल्याचा पाय भाजतो. त्या घटकेला त्याने मनात स्तोत्र म्हणत राहावे ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. तेव्हा ओतकामात सगळे लक्ष असणे हीच शेजाऱ्यावरची प्रीती आहे.

मग प्रार्थनेत खंड पडू देऊ नका, हे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगितले त्याचा अर्थ काय लावायचा? सांगणारा स्वतः हाताने काम करणारा होता, करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तो तंबू करण्याच्या धंद्यात होता, हे आधी ध्यानात घ्यावे. कामात बुडालेल्या माणसाच्या प्रार्थनेचा सर्वांत स्पष्ट नमुना मात्र मला नहेम्यात दिसतो. तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. तुला काय हवे, असे राजाने विचारले आणि उत्तर देण्याआधी नहेम्याने देवाची प्रार्थना केली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा श्वास मावेल तेवढीच ती प्रार्थना. पण तिच्या मागे किसलेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंतचा, म्हणजे जवळपास चार महिन्यांचा काळ आहे. यरुशलेमेची बातमी कळताच त्याने उपास केला, शोक केला, रात्रंदिवस देवाला आळवले. माझे म्हणणे एवढेच, की कामातली क्षणभराची प्रार्थना तग धरते ती मागच्या निवांत प्रार्थनेच्या बळावर. लोखंड वितळेपर्यंतचा वेळ, पाळी बदलतानाची पाच मिनिटे, बसची वाट पाहणे, या फटींत मन देवाकडे वळते ते आधी वळण पडलेले असेल तरच.

यावर काही पाळक म्हणतील, ‘काम हीच प्रार्थना’ असे म्हणण्याची ही पळवाट झाली. भीती रास्त आहे. कामाला भक्तीचे नाव दिले की गुडघे टेकायचे राहूनच जाते, आणि वर्षभरात पवित्र शास्त्रावर धूळ बसते. म्हणूनच ठरावीक वेळेला मी सोडचिठ्ठी देत नाही. दुसरा आक्षेप याहून अवघड: ठरावीक वेळ पाळायला ती आपल्या हातात तरी हवी, कामगाराची वेळ सुपरवायझरच्या हातात असते. दानिएलाची वेळही परक्या दरबाराच्या हातात होती. एकशेवीस प्रांताधिकाऱ्यांच्या हिशेबांवर देखरेख करणाऱ्या तीन अध्यक्षांपैकी तो एक. तरी दिवसातून तीनदा तो गुडघे टेकी. हे मात्र मान्य केले पाहिजे की त्याला स्वतःची माडी होती आणि तिला खिडक्या होत्या. आपल्या कामगाराकडे बहुधा दोन खोल्या असतात, त्यात लेकरांचा अभ्यास आणि टीव्ही. त्याला एकट्याला बोल लावून भागणार नाही.

इथे मंडळीची जबाबदारी सुरू होते. शब्बाथाची आज्ञा दास, दासी आणि गुराढोरांनाही विश्रांती देते. म्हणजे विसावा ही केवळ भाविकाची खासगी शिस्त नसून दुसऱ्याला द्यायचे देणे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, आणि ती मिळवली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. रविवार खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. रविवारी जोतिबाच्या डोंगराकडे निघालेली माणसे पाहणाऱ्या कोल्हापूरकराला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्या सुट्टीत आपण उपासनेला जातो तिच्यासाठी लढले ते उपासनेला न येणारे लोक, हे ख्रिस्ती मंडळीने कृतज्ञतेने आठवावे. पण सतत चालणाऱ्या कारखान्यात सुट्टीचा वार रविवारच असेल असे नाही. ज्याला रविवार मिळत नाही त्याची गैरहजेरी वहीत मांडण्याऐवजी त्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, कोणाच्या तरी घरी शास्त्रपाठ आणि प्रार्थनासभा का ठेवू नये? प्रभुभोजनही त्या वेळी द्यायला काय हरकत आहे, याचा विचार पंचमंडळींनी करावा. त्यावरचे शास्त्राधार आणि अडचणी पुढच्या आठवड्यात पाहू.