सिमेंट कालवण्याआधीचा दिवस

(पायाखालची फरशी : भाग ४)

गेल्या आठवड्यात आपण टाइल्सची खरेदी उरकली. एकाच बॅचची खोकी घेतली आणि मापापेक्षा दहा टक्के जास्त घेतली. आता खोकी घरात येऊन पडली आहेत, मिस्त्री सकाळीच हजर झाले आहेत आणि त्यांचा जोडीदार सिमेंटची गोणी फोडायच्या बेतात आहे. त्याला थांबवा. पहिला दिवस मोजमापाचा. फरशी पुढची वीस वर्षे सुख देणार की त्रास, हे बहुतेक त्याच दिवशी ठरते.

आधी लेव्हल. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी आजही पुरते. फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा अडकलेला नको. चारही कोपऱ्यांत आणि दाराच्या चौकटीवर एकाच पातळीची खूण करा आणि तिथून खाली स्लॅबपर्यंत टेप लावा. एका कोपऱ्यात ३ फूट ३ इंच भरेल, दुसऱ्यात ३ फूट २. हा इंचाचा फरक खालच्या मालाच्या थरात मुरवायचा असतो. जिथे अंतर सर्वांत कमी, तिथे स्लॅब सर्वांत उंच. फरशीची उंची त्या जागेवरून धरायची. जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल, तर दार खालून तासावे लागेल का, हेही आत्ताच कळते.

न्हाणीघर आणि बाल्कनीत मात्र सपाटी नको, ढाळ हवा. दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार, आणि तोही थेट जाळीकडे. माझ्या आईच्या घरी ढाळ उलटा पडला होता. पाणी जाळीकडे न जाता दाराशी साचायचे आणि सत्तरीतली आई रोज आंघोळीनंतर ते खराट्याने ढकलत बसायची. शेवटी सगळी फरशी उखडावी लागली. म्हणून वॉटरप्रूफिंगवरचा कोबा सुकला की त्यावर एक बादली पाणी ओतून पाहा. ते आपसूक जाळीकडे गेले, तरच पुढचे काम.

आता मांडणी. बऱ्याच खोल्या काटकोनात नसतात आणि छोट्या गुण्याने ते ध्यानात येत नाही. एका रेषेवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट मोजा; दोन्ही टोकांमधले अंतर बरोबर १० फूट आले तर कोन काटकोन. ही आखणी झाली की माल न लावता टाइल्स नुसत्या मांडून पाहायच्या. समजा खोली साडेनऊ फूट रुंद आहे आणि टाइल ४०० मिलिमीटरची, फट ३ मिलिमीटरची. एका भिंतीपासून सुरुवात केली, तर सात अख्ख्या टाइल्स बसतात आणि पलीकडच्या भिंतीशी जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते. ती कापताना तुटते आणि दिसतेही वाईट. त्याऐवजी सहाच अख्ख्या टाइल्स मध्ये घ्या. दोन्ही बाजूंना सुमारे नऊ-नऊ इंचांचे तुकडे येतात. टाइल्स तेवढ्याच, मजुरीही जवळपास तीच, पण खोली डोळ्यांना नीटनेटकी वाटते. भिंतीलगत पाचेक मिलिमीटर फट मोकळी ठेवायला सांगा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. भिंतीला घट्ट भिडलेली फरशी ऊन-थंडीत प्रसरण पावली की तिला जागा उरत नाही, आणि मधल्या टाइल्स उचलल्या जातात.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम मिस्त्रींचेच. त्यांच्या हाताला जे कळते ते आपल्याला कळणार नाही. तरी दोन गोष्टींवर नजर ठेवा. सिमेंटच्या मालावर बसवायची साधी सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती मालातले पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, तिला भिजवून उपयोग नाही. ॲडहेसिव्हने चिकटवायची टाइलही कोरडीच हवी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. घाईत काही जण टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे ॲडहेसिव्हचे पाच गोळे लावतात आणि दाबून मोकळे होतात. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते. त्याच जागेवर एखाद्या दिवशी वरवंटा किंवा भरलेला कुकर पडला की टाइल फुटते. ॲडहेसिव्ह दात्यांच्या थापीने सगळीकडे सारखे पसरलेच पाहिजे. खात्री करायची तर नुकतीच बसवलेली एखादी टाइल उचलायला लावा. तिची पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजली तिथे खडूने फुली मारा आणि ती टाइल ग्राउट भरण्याआधीच बदलून घ्या. ग्राउट भरल्यावर ती काढणे म्हणजे शेजारच्या टाइल्सचे कोपरेही धोक्यात घालणे.

ग्राउट आणि सांधे पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर, टाइल्स बसल्यापासून निदान २४ तास त्या खोलीत कुणालाही पाऊल टाकू देऊ नका. दाराला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा.