राऊटर घरी, लॅपटॉप लोणावळ्यात!

पावसाळ्यातला शनिवार. तुंगार्लीतला भाड्याचा बंगला, बाहेर धो धो पाऊस, आत कांदाभजी आणि आम्ही सातजण. सोमवारची डेडलाइन लोणावळ्यातही पाठ सोडत नाही, म्हणून मी 'फक्त अर्धा तास' म्हणत लॅपटॉप उघडलेला. वायफायचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला होता, सगळे कनेक्ट झाले. दहा मिनिटांत पलीकडच्या सोफ्यावरून मैत्रीण म्हणाली, ''अगं, तुझं पॅन कार्ड मला का दिसतंय?''

नुसतं पॅन कार्ड नाही. भाडेकरार, बँकेची स्टेटमेंट्स, आणि 'नाव छापणार नाही' असा शब्द देऊन घेतलेल्या दोन मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज. अख्खा फोल्डर तिच्या स्क्रीनवर! ती मैत्रीण होती म्हणून हसण्यावारी गेलं. पण तेच वायफाय शेजारच्या बंगल्यातला ग्रुपही वापरत होता. माझं पॅन कार्ड एक वेळ ठीक, पण ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला त्यांचे आवाज? पोटात गोळा आला.

चूक शंभर टक्के माझी. काही महिन्यांपूर्वी घरचा प्रिंटर चालेना, तेव्हा 'बंद करून तर बघू' म्हणत मी लॅपटॉपची फायरवॉल बंद केली, शेअरिंगचा पासवर्डही काढून टाकला. परत चालू करायचं राहूनच गेलं. काळजीही वाटली नाही, कारण 'राऊटर आहे ना घरी!'

वॉचमन आणि लॅच

हे वाक्य तुम्हीही म्हणता ना? त्यात तथ्य आहे, बरं का. राऊटर घरातल्या यंत्रांना आतले पत्ते वाटतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारे. बाहेरच्या जगाला दिसतो तो राऊटरचा एकच पत्ता. तुम्ही आतून एखादी साइट मागवली की तो नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर तुमच्या यंत्राकडे पोचवतो. न बोलावता कुणी बाहेरून दार वाजवलं, तर नोंदच नसते, म्हणून गेटवरूनच परत पाठवणी. अगदी सोसायटीच्या वॉचमनसारखं.

पण वॉचमन आहे म्हणून आपण फ्लॅटचं दार सताड उघडं टाकतो का? आत आलेल्या माणसाला वॉचमन अडवत नाही. एकाच वायफायवरचा टीव्ही, कॅमेरा, पाहुण्याचा मोबाइल, शेजारचा लॅपटॉप हे सगळे गेटच्या आतलेच. तिथे कामाला येते ती प्रत्येक यंत्रातली फायरवॉल. शिवाय ती तुमच्याबरोबर प्रवास करते. राऊटर मात्र कोथरूडच्या घरात टीव्हीमागेच बसून राहतो!

आणखी एक गोष्ट. इंटरनेट कंपन्या आता आयपीव्ही६चे पत्तेही देतात. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तिथे आतल्या पत्त्यांचा आडोसा नसतो, राऊटरची फायरवॉल चालू असणंच महत्त्वाचं ठरतं.

शेजारून आलेलं संकट

रविवारी पाऊस थोडा उघडला आणि आम्ही लोकलने मळवलीला उतरून लोहगड चढलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वळणावळणाच्या वाटेवर एकामागून एक चार दरवाजे! बांधणाऱ्यांनी पहिलाच दरवाजा टिकेल असं गृहीत धरलं नव्हतं. तरी १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी शेजारचा, लोहगडापेक्षा उंच विसापूर घेतला आणि मग लोहगड न लढताच हातचा गेला. धोका समोरच्या दरवाजातूनच येईल असं थोडंच आहे?

संगणकांच्या दुनियेतही हेच घडलंय. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म थेट इंटरनेटला जोडलेल्या विंडोज पीसींमध्ये घुसला. एका मिनिटात बंद होणारा पीसी तेव्हाच्या कॉलेजकुमारांना आठवत असेल! पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू ठेवली. मग जून २०१७ मध्ये नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरला आणि मग नेटवर्कच्या आतल्या आत एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी कोलमडली आणि इथून घाट उतरल्यावर असलेल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं.

मग करायचं काय?

आधी खूशखबर. वेगळी फायरवॉल विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये ती असतेच. 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन चालू आहे ना, एवढं बघा. मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे ती बंद असू शकते. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क'खाली 'फायरवॉल' शोधा आणि ऑन करा.

बंगला, कॅफे, हॉटेल, कुठलंही परकं वायफाय असो, विंडोजने विचारलं तर 'पब्लिक नेटवर्क' निवडा. 'प्रायव्हेट' फक्त स्वतःच्या घरी. राऊटरचा कंपनीने दिलेला अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला. २०१६ मध्ये मिराईने असेच आयते पासवर्ड वापरून ढीगभर कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते. घरी पाहुण्यांसाठी 'गेस्ट' वायफाय ठेवा. प्रिंटर रुसला तर फायरवॉल बंद करू नका, फक्त त्या प्रिंटरपुरती परवानगी द्या.

आणि हो, फायरवॉल म्हणजे चिलखत नव्हे. 'तुमचं केवायसी संपलंय' या मेसेजमधल्या लिंकवर तुम्हीच क्लिक केलंत, तर दरवाजा आतून तुम्हीच उघडलात. तिथे वॉचमनही हरतो आणि लॅचही. अपडेट्स वेळेवर घेणं, हीही तुमचीच जबाबदारी.

माझं काय झालं? त्याच संध्याकाळी बंगल्यात परतल्यावर फायरवॉल चालू केली, शेअरिंग बंद केलं आणि रेकॉर्डिंग्ज पासवर्ड लावून वेगळ्या ठेवल्या. मैत्रिणीला म्हटलं, ''बघ आता दिसतंय का काही.'' तिने पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, ''काहीच नाही. चल, चहा टाक.''