सेतू केंद्रातला संगणक सारखा ‘अपडेट’ का मागतो? पुढे ढकलला तर काय होतं? समजून घ्या

तिरोडा : उत्पन्नाचा दाखला काढायला गावावरून तिरोड्याला यायचं, रांगेत नंबर लागायचा आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर गोल फिरणारी चकती दिसायची. ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.’ केंद्रचालक म्हणतो, “भाऊ, थोडं थांबा.” त्यात अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते. लोकांची बोलणी खाऊन पुढच्या वेळी चालक ते अपडेट ‘नंतर करू’ म्हणून ढकलत राहतो. हे ढकलणं महागात पडू शकतं. कसं, ते पाहू.

अपडेट म्हणजे काय?

विंडोज हा संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम. त्यात कुठे ना कुठे फट राहतेच आणि त्या फटीतून चोर आत शिरतात. ती बुजवायला कंपनी जे ठिगळ पाठवते, त्याला ‘पॅच’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असे पॅच पाठवते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून त्या आठवड्यात संगणक जास्त करून अपडेट मागतो.

यात एक मेख आहे. पॅच आला की फट कुठे होती, हे चोरांनाही कळतं. ज्यांनी पॅच टाकला नाही, तेच मग सोपं सावज ठरतात.

उशीर केला तर...

विंडोजमधल्या अशाच एका फटीसाठी १४ मार्च २०१७ रोजी पॅच आला होता. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांना १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने गाठलं. सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांवर संगणकांतल्या फायली कुलूपबंद झाल्या आणि सोडवायला खंडणी मागितली गेली. पॅच येऊन जवळपास दोन महिने झाले होते!

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपवला होता. तीच जुनी फट वापरून आणि पासवर्ड चोरून तो जगभर पसरला. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं.

घाई केली तर...

१९ जुलै २०२४, सकाळी पावणेदहाच्या सुमारास. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने जगभरातल्या ग्राहकांना एक अपडेट एकदम सोडलं. त्यात चूक होती. सव्वा तासात ते मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्तीसाठी बऱ्याच ठिकाणी माणसाला एकेका संगणकापाशी जाऊन बसावं लागलं.

म्हणजे उशीरही वाईट आणि सगळीकडे एकदम टाकणंही वाईट.

मोठ्या कार्यालयांत कसं करतात?

नवीन वाणाचं धान आपण सगळ्या बांध्यांत एकदम लावत नाही. आधी एका बांधीत लावून पाहतो. शेकडो संगणक सांभाळणारेही तेच करतात. कोणत्या संगणकात कोणतं सॉफ्टवेअर, कोणता पॅच, याची यादी एका मुख्य ठिकाणी असते. ‘इंट्यून’सारख्या साधनांतून तिथूनच अपडेट सुटतं. आधी चार-पाच संगणकांवर, दोन-तीन दिवस ठीक चाललं की एका विभागात, मग सगळीकडे. बिघडलं तर पुढचं तिथेच थांबवता येतं. वेळ रात्रीची किंवा सुट्टीची ठरवतात. काम इथे संपत नाही. जो संगणक बंद होता किंवा ज्यात पॅच बसलाच नाही, तो यादीतून शोधून काढतात. कारण एक उघडा राहिला तरी चोराला पुरतो.

दोन-तीन संगणकांच्या केंद्रात काय करता येईल?

- सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून ‘ऍक्टिव्ह अवर्स’मध्ये केंद्राची वेळ टाका. त्या वेळेत संगणक आपोआप रीस्टार्ट होणार नाही.
- अपडेट थांबवायचंच असेल तर आठवडाभर थांबवा, महिनोन् महिने नको.
- आधी एकाच संगणकावर अपडेट करा. प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सही चालते का पाहा. मग बाकीचे करा.
- रीस्टार्ट केल्याशिवाय बरेच पॅच लागू होत नाहीत. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर चालू असतानाच करा.
- ब्राउझर, पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर यांचंही अपडेट करा, पण ते कंपनीच्याच साईटवरून. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीच नाही.
- महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा.

विंडोज १० वापरताय?

विंडोज १० चे नेहमीचे मोफत पॅच १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आहेत. संगणक चालतो, पण नव्या फटी बुजत नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’ आणि मग ‘अबाउट’ उघडलं की कोणतं विंडोज आहे ते दिसतं. संगणकाला जमत असेल तर विंडोज ११ घ्या. नसेल जमत तर मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा योजना आहे. मात्र घरच्या संगणकाचे आणि व्यवसायाच्या संगणकाचे नियम वेगळे आहेत, ते पाहून घ्या.

आपल्याशी काय संबंध?

संगणक केंद्रचालकाचा असला तरी त्यात स्कॅन होऊन पडलेलं आधार, बँक पासबुक, सातबारा आपलं असतं. म्हणून काम झालं की “माझी कागदपत्रं डिलीट करा” असं समोर उभं राहून सांगा. शेवटच्या तारखेची वाट न पाहता दोन दिवस आधी जा. आणि चालक म्हणाला, “आज दुकान बंद झाल्यावर अपडेट लावतो,” तर त्याला नावं ठेवू नका. तो आपलंच घर राखतोय.