फेणे आणि पावती

आमच्या लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, त्याची सायकल आणि जिभेचं ते ‘ट्टॉक्’! त्यामुळे २०१७ साली आदित्य सरपोतदारांचा ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला, तेव्हा मी जरा नाकच मुरडलं. मारामाऱ्या, पाठलाग... आपला शाळकरी फेणे गेला कुठे?

पण बघितला आणि गुंतले. अमेय वाघचा फेणे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो. तिथे भेटलेल्या मुलाने आत्महत्या केली असं सगळे म्हणतात. याला ते पटत नाही. शोध घेत तो थेट परीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत पोचतो. गिरीश कुलकर्णींचा अप्पा हसता हसता अंगावर काटा आणतो. आणि दिलीप प्रभावळकर खुद्द भागवत झालेत, ते तर फारच गोड!

गेल्या वर्षी आमच्या चिंचवडच्या घरी टीव्हीवर तो पुन्हा लागला होता. शेजारी बचत गटातली मैत्रीण. तिचे मिस्टर चाकणला कंपनीत, तीन शिफ्टची नोकरी. मुलीच्या मेडिकलच्या सीटसाठी एक ‘साहेब’ दोन लाख आगाऊ मागत होते आणि ही गंठण मोडायला निघालेली! माझं सांगणं तिला पटत नव्हतं. सिनेमा संपला तरी ती गप्पच. मग हळूच म्हणाली, “ताई, पावती मिळणार नाही म्हणालेत हो ते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पावती मागायला गेलो. साहेबांचा फोन तेव्हापासून बंद आहे. गंठण गळ्यात आहे. लेक पुन्हा अभ्यासाला बसलीय, आणि मधूनच आईला ‘ट्टॉक्’ करून दाखवते.