सोबत गृहीत धरणारा खेळ

पोकेमॉनच्या पहिल्यावहिल्या खेळात कादाब्रा नावाचा एक प्राणी आहे. त्याला लढायांत कितीही तरबेज करा, थेट शंभराव्या पातळीपर्यंत न्या, तो कादाब्राच राहतो. त्याचा पुढचा अवतार, अलाकझाम, मिळवायला एकच वाट आहे: हातचा कादाब्रा दुसऱ्याला देऊन टाकायचा. दोन गेमबॉय केबलने जोडायचे, कादाब्रा पलीकडे पाठवायचा, की तिकडे पोचताच त्याचं रूप बदलतं. मग समोरच्याने मोठ्या मनाने परत केला तरच तो आपला. माचोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर यांचीही हीच गत. शिवाय २७ फेब्रुवारी १९९६ला जपानात हा खेळ एकदम दोन आवृत्त्यांत आला, रेड आणि ग्रीन. काही प्राणी एकीतच, काही दुसरीतच. सुरुवातीला तिघांतून एक निवडायचा, उरलेले दोघे गेले. पुढे दोन जीवाश्मांतून एक उचलायचा, दुसरा गेला. सगळे गोळा करा, असं हा खेळ सांगतो, आणि ते एकट्याला जमणार नाही अशी तजवीजही तोच करून ठेवतो.

अशा कोड्यांवर गेली तीस वर्षं वाद झडत आहेत. कोणी म्हणतं कंपनीचा लोभ, कोणी म्हणतं जुन्या यंत्राची मर्यादा, कोणी म्हणतं नुसता आळस. या तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण वेगवेगळ्या दशकांतले, वेगवेगळ्या यंत्रांवरचे हे निर्णय शेजारी शेजारी ठेवले की त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक दिसतं: खेळणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर दुसरा खेळणारा आहे. टोकियोत किंवा दादरला हे गृहीतक दिसतच नाही, कारण तिथे ते खरं असतं. ते दिसतं गोंदियासारख्या जिल्ह्यातून. २०११च्या जनगणनेनुसार इथली वस्ती सुमारे तेरा लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला अडीचशेच्या आसपास माणसं. मुंबईत हाच आकडा वीस हजारांच्या वर जातो.

आधी लोभाचा आक्षेप घेऊ, कारण तो सगळ्यांत जुना. दोन आवृत्त्या काढल्या की एकाच घरात दोन विकल्या जातात, हे खरंच आहे आणि कंपनीने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. पण कादाब्राचं कोडं त्याने सुटत नाही. दोघांकडे रेडच असली तरी अदलाबदल केल्याशिवाय अलाकझाम मिळत नाही. हिशेब फक्त विक्रीचा असता तर दोन आवृत्त्यांवर भागलं असतं. इथे अट दुसऱ्या आवृत्तीची नाही, दुसऱ्या माणसाची आहे. मूळ कल्पना मांडणारे सातोशी ताजिरी टोकियोच्या पश्चिमेकडच्या माचिदात वाढले. लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद. पुढे शहर पसरलं, तळी बुजली, शेतं गेली. दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहून त्यांना तिच्यातून किडे इकडून तिकडे सरपटत जाताना दिसले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे प्राण्यांच्या आधी केबल होती. इतर खेळांत ती स्पर्धेसाठी वापरत. ताजिरींनी देवघेवीसाठी वापरली. रानातल्या छंदाची आठवण आणि शाळकरी पोरांनी गजबजलेलं उपनगर, यांच्या सांध्यावर हा खेळ जन्मला. त्यातलं रान काल्पनिक होतं, गर्दी मात्र खरी.

म्यूचं उदाहरण याहून बोलकं आहे. खेळ जवळजवळ पूर्ण झाल्यावर, चाचणीची साधनं काढून टाकल्याने जी चिमूटभर जागा मोकळी झाली तिच्यात प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांनी हा १५१वा प्राणी गुपचूप बसवला. सरळ मार्गाने खेळताना तो कधीच भेटत नाही. बातमी फुटल्यावर ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने स्पर्धा जाहीर केली. म्यू मिळणार होता फक्त वीस जणांना. प्रवेशिका आल्या ७८ हजारांच्या घरात. जो प्राणी जवळपास कोणालाच मिळणार नाही त्यानेच खेळाचा गाजावाजा का केला? कारण शाळेच्या पटांगणावर त्याच्याविषयी बोलणारी पोरं होती. अफवा पिकायलाही दाट वस्ती लागते.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ला. म्हणजे पोकेमॉन या जिल्ह्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. इकडे तो आधी आला तो खेळ म्हणून नव्हे, केबल टीव्हीवरचं कार्टून म्हणून. गेमबॉय भारतातल्या मोठ्या शहरांतही सर्रास मिळत नव्हता. पुढे संगणकावर एम्युलेटर चालवून पोरांनी हे खेळ खेळले खरे, पण एम्युलेटरवर खेळणारा सहसा एकटाच. कादाब्रा तिथे येऊन अडकायचा. जगभरच्या हौशी लोकांनी यावर तोडगा काढला: खेळाची फाइल बदलून कादाब्राला ठरावीक पातळीवर आपोआप अलाकझाम होऊ देणारी साधनंच त्यांनी तयार केली. मूळ रचनेत काय खटकत होतं, याचा हा खेळणाऱ्यांनीच दिलेला पुरावा.

दुसरा आक्षेप इंटरनेटचा. केबलचे दिवस गेले, २००६च्या डायमंड आणि पर्ल आवृत्त्यांपासून जगाच्या दुसऱ्या टोकाशी अदलाबदल करता येते, मग अंतराचं रडगाणं कशाला? आक्षेप सयुक्तिक आहे, आणि अंतर ही नुसती यंत्राची मर्यादा असती तर तो निर्णायकही ठरला असता. पण फोन घेऊन खऱ्या नकाशावर हिंडत खेळायचा २०१६चा पोकेमॉन गो पाहा. हा खेळ इंटरनेटशिवाय उघडतच नाही. त्यात अदलाबदलीची सोय जून २०१८मध्ये आली तेव्हा अट काय होती? दोघे एकमेकांपासून सुमारे शंभर मीटरच्या आत हवेत. केबलची गरज संपली होती, तरी केबलचा नियम मुद्दाम परत आणला गेला. याला यंत्राची मर्यादा म्हणता येत नाही. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

या खेळाचं गोंदियाशी वाकडं मात्र अदलाबदलीपेक्षा नकाशात जास्त आहे. भारतात तो डिसेंबर २०१६मध्ये जिओच्या साथीने अधिकृतपणे आला. जिओची आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं खेळातले थांबे झाली. थांबा म्हणजे पोकेस्टॉप: तिथे गेल्यावर प्राणी पकडायचे चेंडू आणि उबवायची अंडी मिळतात. दुकानं सोडली तर बाकीचे थांबे आले नायँटिक कंपनीच्या आधीच्या ‘इन्ग्रेस’ या खेळातून, आणि तिथली ठिकाणं बरीचशी खेळणाऱ्यांनीच सुचवलेली. जिथे आधी खेळणारे होते तिथे थांबे; जिथे थांबे तिथे नवे खेळणारे. अमेरिकेत अर्बन इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी २०१६मध्येच दाखवलं की वॉशिंग्टन डी.सी.च्या गोऱ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५ थांबे आहेत, तर काळ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत १९. आपल्याकडे देवळांचे थांबे झाले आणि देवळात ‘अंडी’ मिळतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. आपल्याकडे या खेळाच्या रचनेवर झालेली सर्वांत गाजलेली चर्चा ती एवढी आणि तीही अंड्यांवरून.

नवा थांबा सुचवायचे नियम गोंदियातल्या सालेकसा किंवा देवरी तालुक्यात बसून वाचावेत. प्राथमिक आणि माध्यमिक शाळांचं आवार चालत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच, पण लहान गावात जिल्हा परिषदेची शाळा हीच कित्येकदा सगळ्यांत मोठी सार्वजनिक वास्तू असते. खासगी घर चालत नाही. उरतं मंदिर, समाजमंदिर, एखादा पुतळा. आणि खरी मेख पुढे आहे: नुसती नैसर्गिक जागा चालत नाही, माणसाने उभारलेलं काहीतरी हवं, निदान एक पाटी तरी. सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा गोंड समाजाचं आद्य श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतून लाखोंनी भाविक येतात. या नियमाने गुहेला गुहा म्हणून मान नाही, तिच्यासमोरच्या फलकाला आहे. रानातला विस्तीर्ण तलाव चालणार नाही, काठावरचा माहितीफलक चालेल. किड्यांच्या नादातून जन्मलेला, प्राणी शोधत हिंडायला लावणारा खेळ रानातली जागा ओळखायला तिच्यावरची पाटी मागतो. चौकातला कारंजा मात्र बिनबोभाट मंजूर.

पुढचं गणित याहून रुक्ष आहे. खेळात लढाईचे आखाडे असतात, त्यांना जिम म्हणतात. नकाशाचे ठरावीक आकाराचे चौकोन पाडलेले आहेत. खेळणाऱ्यांनी पडताळा घेऊन काढलेला नियम असा की एका चौकोनात दोन ठिकाणं झाली तर एक जिम, सहा झाली तर दोन, वीस झाली तर तीन. एकुलतं एक देऊळ असलेल्या गावात जिम होतच नाही. मग मोठी लढाई नाही, आणि मोठ्या लढाईतच मिळणारे दुर्मिळ प्राणीही नाहीत. प्राणी कुठे जास्त निघतात याचंही सूत्र खेळणाऱ्यांनी सुरुवातीलाच ताडलं होतं: जिथे मोबाइलचा वापर जास्त तिथे. नागझिऱ्याच्या गाभ्यात, जिथे बिबट्या, रानकुत्री आणि अस्वलं आहेत, तिथे खेळाच्या हिशेबी शुकशुकाट. गोंदिया रेल्वे स्थानकावर मात्र चंगळ. २०२४मध्ये खेळाने जंगल, डोंगर, किनारा, शहर असे भूप्रदेश वेगळे केले. त्याने पडद्यावरचं चित्र बदललं, जिमचं गणित तसंच राहिलं.

कोणी म्हणेल, व्यापारी खेळ आहे, तो गिऱ्हाईक असेल तिथेच दुकान मांडणार. विरळ वस्तीत अशी रचना चालवताच येत नाही. याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रात सारस आता जवळपास गोंदियापुरताच उरला आहे. भंडाऱ्याकडे एखाद-दुसरा, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात काही. इथली संख्या पन्नासच्या आत. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या रक्षणासाठी स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्याची गणना उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर होते: वन विभाग, ‘सेवा’ ही गोंदियातली संस्था आणि गावोगावचे स्वयंसेवक पहाटेच आपापल्या तलावावर, बोडीवर, नदीकाठी जाऊन बसतात. पक्षी उडून दुसऱ्या तळ्यावर गेला तर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून सगळीकडे एकाच वेळी पाहावं लागतं. म्हणजे हेही एकट्याने न होणारं काम, कादाब्रासारखंच. फरक एवढाच की इथली माणसं एकमेकांपासून कोसभर लांब असली तरी चालतं. लांब असणं हीच कामाची गरज आहे. सारस घरटं करतो ते धानाच्या बांधीत किंवा तिच्या आसपास, त्यामुळे त्याच्यावर खरी नजर त्या शेतकऱ्याची, आणि तो तिथे आधीपासूनच असतो. त्याला गर्दीत जावं लागत नाही. गणना हा खेळ नव्हे आणि सारस म्हणजे काही म्यू नव्हे, हे कबूल. पण सोबत लागणारी रचना विरळ मुलखात उभी राहू शकते, एवढं त्यावरून सिद्ध होतं. प्रश्न सोबतीच्या अटीचा नाही, ती सोबत शंभर मीटरच्या आतच मागण्याचा आहे.

२०१९चा गदारोळही याच धाग्यात बसतो. स्वोर्ड आणि शील्ड या आवृत्त्यांत जुने सगळे प्राणी आणता येणार नाहीत, असं निर्माते जुनिची मासुदा यांनी जाहीर केलं आणि चाहते खवळले. कारणं दोन दिली: चित्रांचा दर्जा आणि लढाईतला समतोल. पहिलं समजण्यासारखं आहे. पण समतोल कोणासाठी? घरात एकटं बसून खेळणाऱ्याला आठशे प्राण्यांत समतोल असो-नसो, काही बिघडत नाही. तो हवा असतो समोरासमोर लढणाऱ्यांना. वर्षानुवर्षं जपलेला प्राणी नव्या खेळात न्यायची आस एकट्याची. ती दुसऱ्या खेळाडूच्या सोयीसाठी कापली गेली.

गंमत म्हणजे कंपनीला हे सारं कळत नव्हतं असं नाही. २०२२च्या लेजेंड्स आर्सिअसमध्ये ‘लिंकिंग कॉर्ड’ नावाची एक वस्तू आली. ती कादाब्राला दिली की तो कोणाशीही देवघेव न करता अलाकझाम होतो. सव्वीस वर्षांनी केबलच खेळातली वस्तू झाली आणि पलीकडचा माणूस ऐच्छिक ठरला. त्याने खेळाचं काही बिघडल्याचं दिसलं नाही.

त्याआधी महासाथीने अशीच परीक्षा घेतली होती. २०२०मध्ये बाहेर पडणंच बंद झालं तेव्हा पोकेमॉन गोने थांब्यापर्यंत पोचायचं अंतर ४० मीटरवरून ८० मीटर केलं आणि लांबच्या मोठ्या लढाईत घरबसल्या उतरायचा पास विकायला काढला. एका वर्षासाठी सगळं जग गोंदियासारखं विरळ झालं होतं, आणि खेळ लगेच विरळ वस्तीसारखा वागायला शिकला. ऑगस्ट २०२१मध्ये काही देशांत अंतर पुन्हा ४० मीटर केलं तेव्हा जगभर ओरड झाली आणि ८० मीटर कायम ठेवावं लागलं. पासचं मात्र तसं झालं नाही. एप्रिल २०२३मध्ये एका पासचा दर १०० नाण्यांवरून १९५ झाला आणि दिवसाला पाचच, अशी मर्यादा आली. घरबसल्या लढाया फार बोकाळल्या, लोकांनी बाहेर पडून एकत्र यावं, असं कंपनीचं म्हणणं. जिथे चार पावलांवर जिम आणि जिमपाशी दहा माणसं आहेत तिथे ते म्हणणं पटतं. ज्याच्या गावाच्या चौकोनात दुसरं ठिकाणच नाही त्याच्या बाबतीत मात्र तो पास आळशीपणाची सोय नव्हता. मोठी लढाई त्याला फक्त त्यातूनच मिळत होती, आणि दर जवळपास दुप्पट करताना त्याला वेगळं मोजलं गेलं नाही.