घरगुती मत्स्यालयातील शोभिवंत माशांचे प्रजनन : नवी मुंबईच्या संदर्भात काही समस्या

प्रस्तावना
शोभिवंत मासे पाळणे हा नागरी जीवनातील लोकप्रिय छंद आहे. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना या विश्वाची ओळख करून दिली. मात्र मासे पाळणे आणि त्यांचे यशस्वी प्रजनन घडवून आणणे यांत मोठे अंतर आहे. प्रस्तुत लेखात त्यामागील प्रमुख कारणांचा विचार केला आहे.

पाण्याची गुणवत्ता
नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्रास प्रामुख्याने खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून पाणीपुरवठा होतो. सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकावरून वाहत येणारे पावसाचे पाणी सामान्यतः मृदू असते. अमेझॉन खोऱ्यातील एंजल व निऑन टेट्रा यांना असे पाणी मानवते, तर मॉलीला काहीसे कठीण पाणी लागते. म्हणून एकाच टाकीत सर्व जातींच्या प्रजननाची अपेक्षा धरणे अशास्त्रीय ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना घातक असल्याने ते पाणी उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट वापरावे. पाण्याचा सामू वाढला की उत्सर्जित अमोनियाची विषाक्तताही वाढते, हेही ध्यानात घ्यावे.

जोडीची निवड
गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल हे मासे थेट पिल्ले देतात. गप्पीची मादी सुमारे ४ आठवड्यांनी पिल्ले देते व नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवू शकते. त्यामुळे नियोजित संकरासाठी कुमारी मादीच आवश्यक असते. शिवाय एकाच कुळात वारंवार प्रजनन झाल्यास संतती दुबळी होते. एंजल माशात नर-मादी बाह्यतः ओळखणे कठीण असल्याने सहा-आठ पिल्ले एकत्र वाढवून त्यांना स्वतःची जोडी निवडू देणे श्रेयस्कर. फायटर माशाचा नर फेसाचे घरटे बांधून अंडी सांभाळतो. मात्र अंडी घातल्यावर मादीला त्वरित वेगळे न केल्यास तिच्या जिवावर बेतते.

मत्स्यजिऱ्यांचे संगोपन
खरी कसोटी अंडी फुटल्यानंतर लागते. पोटाखालच्या पिशवीतील अन्न संपताच पिल्लांना तोंडात मावेल असे सजीव खाद्य हवे असते. फायटरच्या पिल्लांना आरंभी इन्फुसोरिया व नंतर आर्टेमियाची नवजात पिल्ले द्यावी लागतात. हे खाद्य अंडी घालण्यापूर्वीच तयार नसेल तर बहुसंख्य पिल्ले उपासमारीने दगावतात. तीव्र प्रवाहाची गाळणीही त्यांना ओढून घेते; तेथे स्पंजची गाळणी उपयुक्त ठरते.

निष्कर्ष
यशस्वी प्रजननातूनही एक प्रश्न उद्भवतो, तो अतिरिक्त पिल्लांचा. ती तलावात वा नाल्यात सोडणे स्थानिक जैवविविधतेस धोकादायक आहे. डासनिर्मूलनासाठी जगभर सोडलेल्या गप्पीने अनेक ठिकाणी मूळच्या माशांशी स्पर्धा केल्याचे आढळले आहे. म्हणून पिल्ले कोणास द्यावयाची, हे प्रजननापूर्वीच ठरविणे आवश्यक आहे. प्राणिशास्त्र विभागांनी हा छंद प्रात्यक्षिकाशी जोडल्यास जलरसायन, आनुवंशिकी व परिसंस्था हे तिन्ही विषय विद्यार्थ्यांना एकाच काचपेटीत अभ्यासता येतील.