भाषणातली मूल्ये आणि घरातली मूल्ये

'जीवनमूल्ये' हा शब्द आपल्या महाविद्यालयात वर्षातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतो. शिबिरात पडतो, स्नेहसंमेलनात पडतो आणि वक्तृत्व स्पर्धेत तर हमखास पडतो. प्रथम वर्षात असताना मीही गोपाळ गणेश आगरकरांवर भाषण करून दुसरे बक्षीस मिळवले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. त्यामुळे तो चषक देवळीत ठेवला आहे आणि आल्यागेल्याला आई तो दाखवते.

आगरकरांचा जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. शिक्षण त्यांनी अत्यंत गरिबीत पुरे केले. एम. ए. च्या परीक्षेच्या सुमारास त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून मी उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवणार, असा त्या पत्राचा आशय. पुढे ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. 'केसरी'चे संपादक असताना, १८८२ मध्ये, कोल्हापूर प्रकरणी टिळकांबरोबर त्यांनी १०१ दिवसांचा तुरुंगवास भोगला. सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढले तेव्हा त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. बालविवाहाविरुद्ध आणि स्त्रीशिक्षणाच्या बाजूने ते लिहीत राहिले. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते लिहायचे थांबले नाहीत. १८९५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

हे सगळे मला तोंडपाठ होते. माझ्या धाकट्या बहिणीलाही होते, कारण कागद हातात धरून माझे पाठांतर तीच घेत असे. गेल्या उन्हाळ्यात ती दहावी पास झाली. आबा म्हणाले, "पोरीचं झालं तेवढं पुरे. दोघांचं कॉलेज झेपायचं नाही." मी गप्प बसलो. रात्री भांडी घासता घासता ती एवढेच म्हणाली, "दादा, ते भाषण तू कुणासाठी केलं होतंस रे?"

त्या प्रश्नाने मला मत आणि मूल्य यांतला फरक कळला. मत बाळगायला काही पडत नाही. मुलींनी शिकावे, हे माझे मत होते आणि त्याबद्दल मला उलट बक्षीसच मिळाले होते. त्यासाठी स्वतःच्या पदरचे काही द्यायची वेळ येते आणि आपण ते देतो, तेव्हाच त्या मताचे मूल्य होते. आगरकरांनी मोठा पगार सोडला, मित्र दुरावले, लोकांचा राग सोसला. ही किंमत बाजूला काढली तर मागे नुसते भाषण उरते.

दुसरी गोष्ट मी आबांकडून शिकलो. आबा मुलींच्या शिक्षणाचे वैरी नाहीत. कोणाचे देणे डोक्यावर ठेवायचे नाही, हे त्यांचे मूल्य आहे आणि त्यासाठी त्यांनी जन्मभर काटकसर केली आहे. तेव्हा "कर्ज काढा, पण तिला शिकवा," असे म्हणणे म्हणजे माझ्या मूल्याची किंमत त्यांना द्यायला लावणे. ती मीच द्यायला हवी होती.

गावच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे माप घेऊन नोंदी करायचे काम मी धरले. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो. फी, पुस्तके आणि वह्या यांचा खर्च माझ्या पगारातून भागतो. बहीण आता तालुक्याला अकरावीत आहे. हे सारे गोड झाले असे मात्र नाही. पहिल्या तासाला मला डुलकी लागते, या सत्रात माझे गुण घसरले आणि "तुझं वर्ष वाया गेलं तर?" असे आबा अजून विचारतात. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. न्यायाची कृत्ये करीत राहिल्यानेच माणूस न्यायी होतो, असे तो म्हणतो. पूर्वी हे वाक्य मी परीक्षेसाठी लिहिले होते. आता पहाटे पाचला थंडीत कॅनचे झाकण उघडताना त्याचा अर्थ लागतो. उठावेसे रोज वाटते असे नाही. पण का उठायचे, हा प्रश्न मात्र पडत नाही. जगण्याला अर्थ असणे म्हणजे बहुधा हेच असावे.

मित्रहो, आपली मूल्ये कोणती हे शोधायला फार दूर जायला नको. आपण टाळ्या घेतलेली वाक्ये आठवावीत आणि त्यांतले कोणते आपल्या घरात अडले आहे ते पाहावे. तिथून सुरुवात करता येते.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला नाही. बहिणीने मात्र तिच्या कॉलेजात नाव दिले आहे. आता कागद माझ्या हातात असतो.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)